चांदीची तार, पट्टी की नाणे? घरगुती कलिल चांदीत इलेक्ट्रोडचा आकार काय बदलतो आणि काय बदलत नाही

डिस्टिल्ड पाण्याने भरलेला काचेचा पेला, त्यात एकमेकांना न टेकता उभे सोडलेले शुद्ध चांदीचे दोन तुकडे आणि एकसरीत जोडलेल्या नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, एवढ्याच सामानावर ‘कोलॉयडल सिल्व्हर’ म्हणजे कलिल चांदी (पाण्यात तरंगत राहणारे चांदीचे अतिसूक्ष्म कण) घरी तयार करण्याचा छंद अमेरिकेत गेली काही दशके टिकून आहे. या छंदिष्टांमध्ये ज्या मुद्द्यांवर हिरिरीने वाद होतो, त्यांत चांदीच्या तुकड्यांचा, म्हणजे इलेक्ट्रोडचा, आकार बराच वरचा आहे. कोणी बारीक तारेचा पुरस्कार करतो, कोणी रुंद पट्टीचा, कोणी जाड सळईचा, तर कोणी सरळ चांदीची नाणीच पाण्यात लोंबकळत ठेवतो. आपल्या आकारातून ‘अधिक सूक्ष्म कण’ मिळतात, असे प्रत्येकाचे म्हणणे असते. या दाव्यांत भौतिकशास्त्राचा अंश किती आणि समजुतीचा किती, हे शाळेतल्या विद्युत अपघटनाच्या पायावर उभे राहून तपासता येते. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो: हे द्रावण पिण्याचे औषध नव्हे. त्याची कारणे पुढे ओघात येतील.

पेल्यात घडते ते असे. बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला तुकडा म्हणजे धनाग्र. तेथे चांदीचा अणू एक इलेक्ट्रॉन मागे ठेवतो आणि धनप्रभारित आयन होऊन पाण्यात उतरतो. ऋण टोकाला जोडलेल्या तुकड्यावर, म्हणजे ऋणाग्रावर, पाण्याच्या रेणूंना इलेक्ट्रॉन मिळून हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात आणि हायड्रॉक्साइड आयन मागे राहतात. चांदीचे काही आयन ऋणाग्रापर्यंत पोहोचले, तर तेही इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा धातूरूपात तेथेच बसतात. म्हणजे धनाग्र झिजते, ऋणाग्रावर त्यातली काही चांदी परत चढते आणि उरलेली पाण्यात राहते. आकाराचा सगळा वाद या तीन वाटण्यांभोवती फिरतो, पण त्यांतली पहिली वाटणी आकाराच्या हाती मुळीच नाही.

मायकेल फॅरेडे यांनी १८३०च्या दशकात जो नियम मांडला, त्यानुसार किती धातू विरघळेल हे केवळ किती विद्युतप्रभार वाहिला यावर ठरते. चांदीच्या बाबतीत एका कूलोमला १.११८ मिलिग्रॅम हा हिशेब इतका भरवशाचा आहे की, १८९३ मध्ये शिकागोत भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने अँपिअर या एककाची व्यावहारिक व्याख्याच चांदीच्या आधारे केली. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून दर सेकंदाला ०.००१११८ ग्रॅम चांदी साचवणारी धारा म्हणजे एक अँपिअर. त्या मोजणीसाठी इलेक्ट्रोडचे आकारही बारकाईने ठरवलेले होते. ऋणाग्र म्हणजे प्लॅटिनमचा वाडगा, आणि धनाग्र म्हणजे सुमारे ३० चौरस सेंटिमीटरचा, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा शुद्ध चांदीचा पत्रा. हा पत्रा गाळणकागदात गुंडाळायचा, कारण विरघळताना धनाग्रावरून चांदीचे सुटे कण गळतात आणि ते वाडग्यात पडले की वजन चुकते. आजच्या छंदिष्टाला पेल्याच्या तळाशी जो काळपट गाळ दिसतो, त्यात असेच गळलेले कण असतात. आकार आणि गाळ यांचा संबंध त्या काळच्या प्रयोगशाळांनी ओळखला होता, फक्त त्यांची चिंता औषधाची नसून वजनाची होती.

हा हिशेब घरगुती पेल्याला लावू. एक मिलिअँपिअर धारा तासभर वाहिली, तर ३.६ कूलोम प्रभार जातो आणि सुमारे ४ मिलिग्रॅम चांदी धनाग्र सोडते. पेल्यात पाव लिटर पाणी असेल आणि सगळी चांदी त्यातच राहिली, तर लिटरमागे १६ मिलिग्रॅम, म्हणजे छंदिष्टांच्या भाषेत १६ पीपीएम. तार असो, पट्टी असो वा नाणे, मिलिअँपिअर आणि तास सारखे असतील तर धनाग्राची झीज सारखीच. ‘माझ्या पट्टीतून जास्त चांदी उतरते’ असे कोणी म्हणतो, तेव्हा त्याच्या पट्टीतून जास्त धारा वाहते, एवढाच त्याचा अर्थ असतो.

धारा किती वाहावी हे आकार ठरवतो का, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर विजेचा पुरवठा कसा आहे यावर अवलंबून आहे. नुसत्या बॅटऱ्या जोडल्या की व्होल्टेज ठरलेले असते आणि धारा पाण्याच्या रोधानुसार ठरते. अतिशुद्ध पाण्याची विद्युतवाहकता सेंटिमीटरला ०.०५५ मायक्रोसीमेन्स इतकी नगण्य असते. बाटलीतले डिस्टिल्ड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेत असल्यामुळे एक-दोन मायक्रोसीमेन्सच्या घरात असते. म्हणून सुरुवातीला धारा अगदी क्षीण असते. मात्र चांदीचे आयन पाण्यात उतरू लागले की वाहकता वाढते, वाहकता वाढली की धारा वाढते आणि धारा वाढली की आयन आणखी वेगाने उतरतात. लिटरमागे १० मिलिग्रॅम चांदी आयनरूपात असताना, सोबतच्या हायड्रॉक्साइडसह, वाहकता वीस मायक्रोसीमेन्सच्या पुढे जाते. म्हणजे त्याच बॅटऱ्यांवर धारा सुरुवातीच्या दहापट होते. पहिला अर्धा-पाऊण तास काहीच घडत नाही असे वाटते आणि नंतर पाहता पाहता पाणी गढूळ होते, या नेहमीच्या तक्रारीचे कारण आकारात नसून या स्वतःला वाढवत नेणाऱ्या चक्रात आहे.

तरीही समान व्होल्टेजवर आकारांची तुलना करून पाहणे उद्बोधक आहे, कारण उत्तर बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळे येते. दोन मिलिमीटर व्यासाच्या दोन तारा एकमेकींपासून चार सेंटिमीटर अंतरावर समांतर उभ्या आहेत असे समजा. त्यांच्याऐवजी एक मिलिमीटर व्यासाच्या तारा घेतल्या तर तारेचा पृष्ठभाग निम्मा होतो. साहजिकच धाराही निम्मी होईल असे वाटते, पण ती जेमतेम सोळा टक्क्यांनी घटते. समांतर तारांमधला रोध त्यांच्या जाडीशी सरळ प्रमाणात बदलत नाही. तो अंतर आणि त्रिज्या यांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमवर अवलंबून असतो, आणि लॉगॅरिदम हा फार सावकाश हलणारा गडी आहे. तारेऐवजी एक सेंटिमीटर रुंदीची पातळ पट्टी वापरली, तर दोन्ही बाजू धरून पृष्ठभाग तारेच्या तिपटीहून थोडा जास्त होतो. पट्ट्यांची तोंडे समोरासमोर असोत किंवा नसोत, मोठ्या भांड्यात धारा साधारण एक-तृतीयांशानेच वाढते. कारण धारेला खरा अडथळा होतो तो मधल्या पाण्याचा, आणि पाणी दोन्ही प्रयोगांत तेच असते.

यातून आकाराचे खरे काम लक्षात येते. पृष्ठभाग तिप्पट आणि धारा मात्र सव्वापटीच्या थोडी वर, म्हणजे पट्टीच्या दर चौरस सेंटिमीटरवर पडणारा धारेचा भार तारेच्या निम्म्याहून कमी. या भाराला धारा-घनता म्हणतात, आणि इलेक्ट्रोडचा आकार बदलून बदलते ती मुख्यतः हीच. एकूण धारा बांधून ठेवणारे छोटे उपकरण, म्हणजे स्थिर धारेचा पुरवठा, वापरले तर हे आणखी स्वच्छ दिसते. एक मिलिअँपिअर धारा दहा सेंटिमीटर बुडालेल्या दोन मिलिमीटरच्या तारेवर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ०.१६ मिलिअँपिअर पडते, तर तितक्याच लांबीच्या एक सेंटिमीटर रुंद पट्टीवर ०.०५. ज्याला आकारांची तुलना प्रामाणिकपणे करायची आहे, त्याने आधी असा पुरवठा मिळवावा. तो नसताना केलेल्या तुलनेत आकार, पाण्याची शुद्धता आणि वेळ या तिन्हींची इतकी सरमिसळ होते की निष्कर्षाला काही अर्थ उरत नाही.

कडा, टोके आणि आतली बाजू

आतापर्यंत आपण सरासरीबद्दल बोललो. पण कोणत्याही इलेक्ट्रोडवर धारा सगळीकडे सारखी पसरत नाही, आणि डिस्टिल्ड पाण्यात तर ती विशेषच असमान पसरते. पट्टीच्या मधल्या भागाला फक्त समोरच्या पाण्यातून धारा मिळते, तर कडेला समोरून, बाजूने आणि मागून अशा सर्व दिशांनी. कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन्ही रस्त्यांवरचे गिऱ्हाईक मिळावे, तसा हा प्रकार आहे. म्हणून पट्टीच्या कडा आणि खालचे कोपरे आधी झिजतात, तारेचे टोक निमुळते होत जाते, आणि दोन तारांपैकी प्रत्येकीची दुसऱ्या तारेच्या समोर येणारी बाजू मागच्या बाजूपेक्षा लवकर खरबरीत होते.

मुलामा देणाऱ्या कारखान्यातल्या माणसाला हे नवीन नाही, परंतु त्याच्याकडे हा परिणाम बराच सौम्य असतो आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मुलाम्याच्या हौदातले द्रावण क्षारांनी भरलेले, म्हणजे उत्तम वाहक असते. त्यामुळे द्रावणातून जाण्यापेक्षा पृष्ठभागावरची रासायनिक देवघेव पार पाडणे हाच धारेपुढचा मोठा अडथळा ठरतो, आणि हा अडथळा सगळ्या पृष्ठभागावर सारखाच असल्याने धारा आपोआप बरीचशी समान वाटली जाते. डिस्टिल्ड पाण्यात उलटे होते. तेथे पाण्याचा रोध पृष्ठभागाच्या अडथळ्याच्या शेकडो पट असतो, त्यामुळे कोणत्या जागी किती धारा पडेल हे जवळजवळ संपूर्णपणे भूमितीवर ठरते. म्हणजे आकाराबद्दल वाद घालणारे छंदिष्ट एका अर्थी योग्य जागी वाद घालत आहेत. भूमितीला इतके महत्त्व असणारी विद्युत अपघटनाची दुसरी घरगुती उदाहरणे फारशी नाहीत.

या दृष्टीने नाणे हा सर्वांत वाईट आकार ठरतो. पातळ चकतीचा बहुतेक झिजण्याचा भार तिच्या परिघावर पडतो, आणि उठावाच्या नक्षीची प्रत्येक बारीक कड ही आणखी एक टोकदार जागा असते. शिवाय नाणे पूर्ण बुडवायचे तर त्याला धरणारा चिमटाही पाण्यात जातो. चिमट्याचे तांबे, निकेल किंवा पोलाद चांदीपेक्षा सहज विरघळते, त्यामुळे पाण्यात चांदीबरोबर भलतेच धातू उतरतात. इलेक्ट्रोड कोणत्याही आकाराचा असो, जोड पाण्याच्या वर आणि कोरडा हवा. उभी तार किंवा लांब पट्टी सोयीची वाटते याचे निम्मे कारण एवढेच आहे.

आपल्याकडे नाण्याच्या बाबतीत टंचाचा प्रश्न वेगळा उभा राहतो. लक्ष्मीपूजनाला घेतलेले नाणे ९९९चे असेलही, पण जुनी नाणी, दागिने, वाट्या आणि करंडे बहुधा मिश्र चांदीचे असतात, आणि सर्वपरिचित ९२५ चांदीत उरलेला साडेसात टक्के भाग मुख्यतः तांब्याचा असतो. तांबे चांदीच्या आधी विरघळते. आकाराचा विचार त्याच्यानंतर. सराफाकडून तार ओढून किंवा पत्रा लाटून घेणाऱ्याने डागाचे (धातू वितळवून सांधण्याचे) काम झालेला भागही पाण्याबाहेर ठेवावा, कारण डागात चांदीखेरीज इतर धातू असतातच.

तारेचा स्प्रिंगसारखा वेटोळा करून पृष्ठभाग वाढवण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण ती फसवी आहे. वेटोळ्याच्या आतली बाजू बाहेरच्या वळणांच्या आडोशाला येते, तेथपर्यंत धारा फारशी पोहोचत नाही आणि वाढलेला पृष्ठभाग बराचसा कागदावरच राहतो. वर वळणांच्या फटींत गाळ अडकतो तो वेगळाच. भूमितीच्या दृष्टीने सर्वांत नीटस रचना म्हणजे नळीच्या मध्यभागी ठेवलेली तार, कारण तारेच्या सगळ्या बाजूंना नळी सारख्याच अंतरावर असते आणि एकीकडे झुकलेली झीज होत नाही. परंतु चांदीची नळी महाग पडते, तिची आतली बाजू घासणे कठीण जाते आणि तार जराशी कलली तरी सगळा समतोल जातो. ज्यांना नीटसपणा हवा त्यांच्यासाठी जाड, गोल टोकाची सळई हा मला त्यातल्या त्यात समंजस पर्याय वाटतो. तिला धारदार कडा नसतात आणि झीज झाली तरी आकार फारसा बदलत नाही.

काळे केस आणि ढवळणे

धारा-घनता वाढली की बिघडते ते नेमके काय? ऋणाग्रावर चांदीचे काळपट, केसाळ पुंजके उगवतात. पाण्यातून आलेले आयन पृष्ठभागावरच्या सर्वांत पुढे आलेल्या जागी आधी बसतात, त्यामुळे ती जागा आणखी पुढे येते आणि तेथे आणखी आयन बसतात. असा झाडासारखा फुटवा वाढत जाऊन कधी तुटतो, कधी दुसऱ्या इलेक्ट्रोडला टेकतो. धनाग्राच्या बाजूला आयन निघून जाण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने जन्मतात आणि पृष्ठभागाला चिकटलेल्या स्थिर पाण्याच्या थरात त्यांची दाटी पेल्याच्या सरासरीच्या कितीतरी पट होते. समोरून येणाऱ्या हायड्रॉक्साइडशी त्यांची गाठ पडली की तपकिरी-काळे सिल्व्हर ऑक्साइड तयार होते. या ऑक्साइडची पाण्यातली विद्राव्यता लिटरमागे अवघी दहा-वीस मिलिग्रॅमच्या आसपास आहे, म्हणून घरगुती पद्धतीने त्याहून फार दाट द्रावण करू पाहणाऱ्याच्या पदरी बहुधा गाळच पडतो.

रुंद पट्टी येथे उपयोगी पडते हे खरे आहे. भार पसरला की दाटी कमी होते. पण हेच काम ढवळण्याने अधिक स्वस्तात होते. पाणी फिरते ठेवले की इलेक्ट्रोडलगतचा स्थिर थर पातळ होतो आणि आयन पेल्यात पांगतात. तारेऐवजी पट्टी घेऊन जेवढा फरक पडेल, तेवढा किंवा त्याहून अधिक फरक सावकाश फिरणारा चुंबकी ढवळक पाडू शकतो. ठरावीक वेळाने बॅटरीची टोके उलटवण्याची पद्धतही अशीच आहे. दोन्ही तुकडे आळीपाळीने धनाग्र होतात, उगवू पाहणारे पुंजके विरघळतात आणि झीज दोन्हींवर वाटली जाते. अर्थात तेव्हा दोन्ही तुकडे चांदीचेच हवेत. एका बाजूला स्टेनलेस स्टील ठेवून टोके उलटवणारा माणूस पाण्यात क्रोमियम आणि निकेल सोडत असतो.

कण कुठे आहेत?

आता मूळ दाव्याकडे येऊ. अमुक आकारामुळे कण सूक्ष्म होतात, असे म्हणताना पेल्यात कण आहेत हे गृहीत धरलेले असते. वास्तविक धनाग्रावरून पाण्यात उतरतो तो आयन, कण नव्हे. आयनाला लहान-मोठे आकार नसतात. चांदीचा प्रत्येक आयन दुसऱ्यासारखाच असतो, तो तारेतून निघाला की पट्टीतून याची खूण त्याच्यावर नसते. थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ मध्ये कलिल ही संकल्पना मांडली, तिच्यात साधारण एक ते हजार नॅनोमीटर आकाराचे, पाण्यात तरंगत राहणारे कण अभिप्रेत आहेत. असे कण घरगुती पेल्यात तयार होतात ते नंतर, जेव्हा काही आयनांना प्रकाशाने, एखाद्या अशुद्धीने किंवा ऋणाग्राजवळ इलेक्ट्रॉन मिळून ते एकत्र येतात. त्यांचा आकार साठवण, उजेड, तापमान आणि पाण्यातली अशुद्धी यांवर जास्त ठरतो.

हे तपासणे अवघड नाही. चांदीचे बारीक गोल नॅनोकण जांभळा प्रकाश शोषतात आणि द्रावण पिवळे दिसते. पाणी स्वच्छ, रंगहीन असेल तर त्यातली बहुतांश चांदी आयनरूपातच आहे. अंधारात लेझरचा किरण सोडला आणि पाण्यात त्याची रेघ उमटली, तर टिंडल परिणामामुळे, म्हणजे तरंगत्या कणांवर प्रकाश विखुरल्यामुळे, थोडे कण असल्याचे कळते, पण किती ते कळत नाही. चिमूटभर मीठ टाकल्यावर पांढरा धुरकटपणा आला तर तो सिल्व्हर क्लोराइडचा असतो आणि आयन होते याचा पुरावा असतो. डिस्टिल्ड पाण्याऐवजी नळाचे पाणी घेतल्यास हा धुरकटपणा आपोआपच येतो.

आणि येथे आपल्या घराघरांत आरओच्या पाण्यासाठी घेतलेल्या टीडीएस मीटरचा उल्लेख करायला हवा, कारण छंदिष्ट त्याच मीटरने ‘पीपीएम’ मोजतात. तो मीटर चांदी मोजतच नाही. तो वाहकता मोजतो आणि तिला साधारण अर्ध्याने गुणून आकडा दाखवतो. लिटरमागे १० मिलिग्रॅम चांदी हायड्रॉक्साइडसोबत असेल तर मीटर योगायोगाने १२च्या आसपास दाखवील आणि मालक खूश होईल. तेच द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून बायकार्बोनेटचे झाले की आकडा निम्म्यावर येईल, चांदी मात्र तेवढीच. कणरूपातली चांदी तर त्या मीटरला जवळजवळ दिसतच नाही. दोन आकारांची तुलना या मीटरवर करून निकाल देणाऱ्यांचे निष्कर्ष मी तरी गंभीरपणे घेत नाही.

विजेने खरोखर कलिल चांदी करण्याची पद्धत वेगळी आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेऑर्ग ब्रेडिग यांनी १८९८ मध्ये पाण्याखाली दोन धातूच्या तारांच्या टोकांमध्ये ठिणगी सतत पेटती ठेवून धातूची वाफ केली आणि ती पाण्यात गोठून कण तयार झाले. त्यात धारा मिलिअँपिअरमध्ये नसून अँपिअरमध्ये असते, आणि तारांच्या टोकांमधले अंतर मिलिमीटरच्या आसपास असते. तेथे टोकाच्या आकाराला अर्थ आहे. बॅटरीवर चालणाऱ्या पेल्याशी त्या पद्धतीची गल्लत करू नये.

शरीरात गेल्यावर

आयन की कण हा भेद पिणाऱ्याच्या दृष्टीने फारसा टिकत नाही. जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लात चांदीचे आयन गेले की त्यांचे बरेचसे सिल्व्हर क्लोराइड होते. जो थोडा अंश रक्तात शोषला जातो, तो वर्षानुवर्षे ऊतींमध्ये साठत राहतो, आणि त्वचेत साठलेली चांदी प्रकाशामुळे धातूरूपात येऊन गडद होते. पूर्वीच्या फोटोच्या फिल्ममध्ये हीच रासायनिक क्रिया वापरली जात असे. या अवस्थेला अर्जिरिया म्हणतात. त्वचेचा निळसर-करडा रंग सहसा कायमचा राहतो, लेझरने काही रुग्णांत तो अंशतः कमी झाला आहे, पण त्यावर औषध नाही. मोंटाना राज्यातले लिबर्टेरियन पक्षाचे नेते स्टॅन जोन्स यांनी २००० साल उजाडताच संगणक कोलमडतील आणि त्या गोंधळात प्रतिजैविके मिळेनाशी होतील या भीतीने १९९९ मध्ये घरीच कलिल चांदी करून पिण्यास सुरुवात केली. २००२ मध्ये ते अमेरिकी सिनेटची निवडणूक लढवत होते, तेव्हा त्यांच्या करड्या-निळ्या चेहऱ्याची बातमी झाली.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच असा नियम केला की कलिल चांदी किंवा चांदीचे क्षार असलेली, चिठ्ठीविना विकली जाणारी औषधे सुरक्षित व परिणामकारक मानली जात नाहीत. मार्च २०२० मध्ये कोविडवर उपाय म्हणून विविध उत्पादने विकणाऱ्या सात विक्रेत्यांना त्याच प्रशासनाने व्यापार आयोगासोबत ताकिदीची पत्रे पाठवली, त्यांत कलिल चांदी विकणारेही होते. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने चांदीच्या रोजच्या सेवनासाठी शरीराच्या वजनाच्या किलोमागे पाच मायक्रोग्रॅम ही संदर्भमात्रा धरली आहे. साठ किलोच्या माणसाला ती ०.३ मिलिग्रॅम होते. आपण वर हिशेब केलेल्या पाव लिटरच्या पेल्यात चार मिलिग्रॅम चांदी आहे, म्हणजे त्या मात्रेच्या तेरापट. थायरॉइडचे थायरॉक्सिन आणि काही प्रतिजैविके चांदीमुळे कमी शोषली जाण्याची शक्यता असते, तो धोका वेगळा.

चांदीला वैद्यकात जागा आहे, पण ती त्वचेवर. भाजलेल्या जखमेवर लावले जाणारे सिल्व्हर सल्फाडायझिनचे पांढरे मलम आपल्याकडच्या दवाखान्यांत सर्रास असते, आणि तेही डॉक्टर मात्रा व मुदत ठरवून देतात. आयुर्वेदातील रौप्य भस्म ही शोधन-मारणाच्या वेगळ्या प्रक्रियेने केलेली वेगळी वस्तू आहे. तिचे नाव घेऊन पेल्यातल्या पाण्याला परंपरेचा आधार देता येत नाही.

ज्याला आकाराचा परिणाम निव्वळ कुतूहलापोटी पाहायचा आहे, त्याच्यासाठी एक चांगला प्रयोग आहे. दोन सारखे पेले, दोन्हींत तेवढेच डिस्टिल्ड पाणी, एकात तारांची जोडी आणि दुसऱ्यात पट्ट्यांची जोडी, मधले अंतर सारखे. हे दोन पेले एकसरीत जोडायचे, म्हणजे पहिल्यातून गेलेली प्रत्येक धारा दुसऱ्यातूनही जाईल आणि पुरवठा कमी-जास्त झाला तरी दोन्हींना प्रभार सारखाच मिळेल. सुरुवातीला चारही तुकडे कोरडे करून सराफाच्या मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलायचे. धारामापक लावून एकूण दहा मिलिअँपिअर-तास पूर्ण झाले की, पृष्ठभागावर साचलेले काहीही न पुसता, ते पुन्हा नीट सुकवून तोलायचे. दोन्ही धनाग्रांची घट चाळीस मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवी. त्यावर ऑक्साइडचा थर चिकटून राहिला तर घट थोडी कमी दिसेल, कण गळून पडले तर थोडी जास्त. पाहण्यासारखे आहे ते ऋणाग्रांचे वजन: ते दोन्ही पेल्यांत वेगवेगळे वाढलेले असेल, आणि धनाग्राची घट व ऋणाग्राची वाढ यांतला फरक म्हणजे पाण्यात आणि गाळात उरलेली चांदी. आकाराने काही बदल घडवला असेल, तर तो या एका आकड्यात पकडता येतो.

प्रयोग संपल्यावर ते पाणी मोरीत किंवा कुंडीत ओतू नये, कारण चांदीचे आयन पाण्यातल्या लहान जिवांना अत्यल्प प्रमाणातही घातक असतात. दोन्ही पेल्यांत थोडे मीठ घालून रात्रभर ठेवावे, खाली बसलेले क्लोराइड व गाळ गाळणकागदावर घ्यावा आणि चांदीच्या चुऱ्याबरोबर सराफाकडे द्यावा.